झाडायची बारी

हरभऱ्याला घाटे धरले की सकाळी शेतात शिरताना लुगडं पोटरीवर खोचावं लागतं. रात्रभर पानांवर आंब उतरलेली असते. ती पायाला लागली की आधी गार वाटतं, मग हळूहळू चुरचुरायला लागतं. जुन्या बाया पहाटेच्या वेळी हरभऱ्यावरून पांढरं फडकं ओढत आणि पिळून ती आंब बाटलीत भरून ठेवत, पोटदुखीला. आता कोणी ठेवत नाही. वास मात्र तोच आहे, आंबट आणि हिरवा. तो वास हाताला लागलेला असताना गावातून शाळेच्या परिपाठाचा आवाज आला की माझे हात चालत राहतात, पण मन पुढं जात नाही. येळवस, म्हणजे रानातल्या पूजेची वेळ अमावास्या, होऊन गेली की दर साली असंच होतं. यंदाही झालं.

आमचं शेत शाळेच्या मागच्या अंगाला, ओढा ओलांडला की लगेच. भोंग्यावरचं सगळं ऐकू येतं. आधी प्रार्थना, मग प्रतिज्ञा, मग एखादं लेकरू एका दमात सुविचार म्हणून टाकतं. ‘नेहमी खरे बोलावे.’ ‘कोणतेही काम हलके नसते.’ शब्द ओढ्यावरून येतात, तुरीच्या वाळल्या शेंगांत खुळखुळतात आणि विरून जातात. पेंढ्या बांधता बांधता मी ऐकत असते. हे सुविचार लेकरांबरोबर घरापर्यंत येतात की शाळेच्या फाटकातच राहतात, हा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता. तो करायला लावणारा हिवाळा येऊन गेला त्याला आता काही वर्षं झाली.

माझं माहेर किल्लारीच्या बाजूचं. भूकंपात गाव पडलं आणि नव्या जागी बसलं तेव्हा मी मांडीवरची होते. माझी शाळा पत्र्याच्या शेडात भरायची. खाली नुसती माती. शनिवारी सकाळची शाळा असायची आणि शनिवारीच आम्ही पोरींनी वर्ग सारवायचा. पोरं शेणाची पाटी दारात आणून आदळत आणि झाडांना पाणी घालतो म्हणून जी पळत ती शाळा सुटायच्या घंटेलाच उगवत. आम्ही पोरी भिंतीपासून मागं मागं सरकत दारापर्यंत यायचो. हाताची बोटं शेणाच्या गारव्यानं आखडून जायची. बाई दारात उभ्या राहून बघायच्या आणि बाकीच्या पोरींना म्हणायच्या, “हिचा हात बघा गं, एक रेघ वाकडी न्हाई. लई गुणाची पोर हाय.”

सारवण वाळेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसून मूल्यशिक्षणाचा तास व्हायचा. बाई गोष्ट सांगायच्या. गोष्टीतला मुलगा खरं बोलायचा, म्हाताऱ्याला मदत करायचा, हरवलेली वस्तू परत द्यायचा. गोष्टीत बहुतेक मुलगाच असायचा. मुलीला निराळं काही शिकवायची गरज नसावी, असंच मला तेव्हा वाटायचं. मला गोष्टीपेक्षा बाईंचं ते ‘गुणाची पोर’ आवडायचं. घरी जाईपर्यंत मी ते मनातल्या मनात म्हणत जायचे.

चौथी झाली. पाचवीला दुसऱ्या गावी जायचं होतं. शाळा उघडायच्या सुमाराला माझा धाकटा भाऊ झाला, आई बाजेवर होती. आजी वडिलांना म्हणाली, “चार दिवस ऱ्हाऊ दे पोरीला घरी. गुणाची हाय, समदं सांभाळंल.” मी राहिले. सांभाळलं. मग आई उठली, तर सोयाबीनची खुरपणी आली. खुरपणी झाली तर आजी आजारी पडली. त्या चार दिवसांतच माझं लग्न झालं आणि मी इथं, देवणीच्या अलीकडं, नांदायला आले.

त्या हिवाळ्यात आमच्या गावच्या शाळेत मुदखेडकडचे एक तरुण सर बदलून आले होते. लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही शाळेत कापडाखाली झाकून पडला होता, तो त्यांनी चालू केला. माझा माधव तेव्हा चौथीत. एक दिवस शाळेतून आला तो दप्तर टाकायच्या आधीच बोलायला लागला.

“मम्मी, ज्यपानात शाळेत शिपाईच नसतेत.”

“मग झाडतंय कोण?”

“पोरंच. समदे. मोठ्या सायबाचं पोरगं असलं तरी त्यानं बी झाडायचं. आन् फरशी पुसताना असं वाकून, फडक्यावर दोनी हात ठिवून, पळत जातेत. रेस लागती त्यांची!”

आणि त्यानं दांडीवरचा पंचा ओढला, खाली अंथरला आणि ओसरीच्या या टोकापासून त्या टोकाला घसरत गेला. पाण्याचा तांब्या कलंडला. माझी सातवीतली सानिका कोपऱ्यात अभ्यास करत बसली होती, तिनं हसत हसत पुस्तक उचलून धरलं.

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, शेंगा सोलत होत्या. त्यांनी विचारलं, “ज्यपानात बाया मेल्या का सगळ्या?”

“बाया हायेत की आज्जी. पन लेकरांना चांगली सवय लागावी म्हणून करतेत.”

“चांगली सवय! पोरानं झाडायचा फडा धरला तर त्याला मिशा येत न्हाईत.”

माधवनं हात वरच्या ओठावर नेला. सानिका आणखी हसली. सांडलेलं पाणी मात्र तिनंच पुसलं. तेव्हा ते आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

सर लेकरांना आणखीही देशांचं दाखवत. माधव येऊन सांगायचा आणि मी भाकरी थापताना ऐकायचे. कुठल्या तरी देशात लेकरं सकाळी गोल बसतात आणि काल कोणाला कशाचं वाईट वाटलं ते सांगतात. बाकीच्यांनी मधे न बोलता ऐकायचं. कुठं दुपारच्या जेवणात एकमेकांच्या ताटात आपल्या हातानं वाढतात. कुठं दोघांचं भांडण झालं तर बाईंकडं न जाता समोरासमोर बसून मिटवायचं असतं. मला नवल वाटायचं. जगात एवढे देश, एवढ्या भाषा, आणि सगळ्यांना एकच घोर लागलेला: लेकरू चांगलं माणूस कसं व्हावं. आपल्यासारखीच कुठली तरी बाई त्या तिकडच्या देशात भाकरीसारखं काही तरी भाजत असेल आणि तिचं लेकरू येऊन तिला सांगत असेल, आज शाळेत हे शिकवलं. ती काय म्हणत असेल?

येळवशीच्या आधी सरांनी शाळेत झाडायच्या बाऱ्या लावल्या. रोज काही लेकरं, पोरं आणि पोरी मिळून. वर्ग, व्हरांडा, पटांगण. संडास सर स्वतः धूत, कारण ते काम कोणाच्या लेकराला लावलं असतं तरी गावात कुजबुज झाली असती. ती कामं कोणाची, हे गावाला विचारावं लागत नाही. सरांनी ते बघितलं आणि न बोलता बादली आपणच उचलली.

पोरींच्या घरी बारीचं काही विशेष वाटलं नाही. पोरांच्या घरी मात्र गडबड उडाली. कोणी शाळेत भांडायला गेलं नाही. सर चांगले होते, लेकरं वाचायला लागली होती. पण ज्या दिवशी पोराची बारी, त्या दिवशी पोराची माय दिवस उगवायला आपला खराटा पदराखाली झाकून शाळेत जायची आणि झाडून यायची. पोरानं आठ वाजता जाऊन नुसतं उभं राहायचं. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. तरी सगळ्यांना तेच सुचलं.

माधवच्या बारीच्या आदल्या संध्याकाळी आत्याबाई मला म्हणाल्या, “माधवची माय, उद्या उजाडायला जाऊन ये. लेकराच्या नाकातोंडात धूळ जाती.” मी गेले. धुकं होतं. पटांगणात खर्र खर्र आवाज येत होता आणि धूळ व धुकं एकात एक मिसळून कोणी दिसत नव्हतं. जवळ गेले तर शेजारच्या कौसाबाई. पलीकडं आणखी दोघी-तिघी. एकमेकींना बघून आधी सगळ्यांनी खराटे पदराखाली घेतले, मग कौसाबाईंना हसू फुटलं.

“तू बी आलीस का गं! मला वाटलं मीच येडी हाय.”

“आत्याबाईंनी धाडलं.”

“मला कुनी धाडलं न्हाई बाई. माझाच जीव ऱ्हाईना. त्याला फडा कसा धरायचा ते बी म्हाईत न्हाई.”

तेवढ्यात फाटक वाजलं. सर लवकर आले होते. आम्ही पदर डोक्यावर ओढून भिंतीला लागलो. सरांनी झाडून झालेलं पटांगण बघितलं, आम्हाला बघितलं, गाडी स्टँडला लावली.

“काकू, हे काय?”

कौसाबाई म्हणाल्या, “आमीच करताव की सर. लेकरं उगं धूळ खातेत.”

“मग चाचणी परीक्षा बी तुमीच द्या. लेकरांना उगं ताप कशाला?”

कौसाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. सर हसले नाहीत. म्हणाले, “मुदखेडला आमच्या घरी आजबी माझी आईच झाडते. मी नोकरीला लागलो, लग्नाला आलो, पण घरात कधी झाडलं न्हाई. इथं येऊनच शिकून राहिलो. ह्या पोरांना माझ्या वयाला शिकायची पाळी येऊ नये, एवढंच हाय काकू.”

आम्ही आपापले खराटे घेऊन निघालो. रस्त्यानं जाताना कौसाबाई एवढंच म्हणाल्या, “चांगलं बोलतंय पोरगं. पन ह्याच्या आईला इचारायला पायजे, ती काय म्हणती.”

त्यानंतर सरांनी झाडायची वेळ परिपाठानंतरची केली आणि आमचं जाणं बंद झालं. शेतातून मला दिसायचं. पटांगणात धुळीचा एक पट्टा पुढं पुढं सरकायचा आणि त्यात लेकरांचे पांढरे सदरे. पोरं खराटा धरायची ते काठी धरल्यासारखी. पण धरायची. माधवला तर वेड लागलं होतं. फरशी पुसायच्या शर्यतीत तो पहिला यायचा.

दिवाळीला आम्ही फड्याची पूजा करतो. नवा फडा आणायचा, त्याला हळदकुंकू लावायचं, पाय लागला तर पाया पडायचं. लक्ष्मी आहे ती. पूजेला माधवचे वडील बसतात. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या हातात येतो. माधवला शाळेतल्या धुळीत बघताना मला एकदा वाटून गेलं की या लेकराच्या वेळी हे बदलेल. वाटलं आणि बरं वाटलं. सरांचं ते ज्यपान मला ओढ्याइतकं जवळ वाटायला लागलं होतं.

येळवशीच्या आदल्या दिवशी आत्याबाई पडल्या. आंबिलीचं मोठं मडकं धुवायला हौदाजवळ बसल्या होत्या, उठताना शेवाळावरून पाय गेला. खुब्याचं हाड मोडलं. सारं गाव दुसऱ्या दिवशी शेतात कडब्याच्या कोपीपुढं बसून मिसळभाजीची भज्जी आणि ताकातली आंबील जेवत होतं, रस्त्यानं जाणाऱ्याला हाका मारून बोलावून वाढत होतं, तेव्हा आम्ही उदगीरच्या दवाखान्यात होतो. आजूबाजूच्या खाटांवरच्या लोकांना त्यांच्या घरच्यांनी येळवशीचे डबे आणले होते; त्यातलं त्यांनी आम्हाला दिलं. ऑपरेशन झालं. आत्याबाईंना घरी आणलं ते बाजेवरच. उठवायचं नाही, कूस बदलायची ती दोघींनी धरून. सगळं बाजेवर.

तूर उभी होती. वाळून कडकडली होती, एखादा दिवस उशीर झाला तर शेंगा तडकून रानातच पडणार. माधवचे वडील आणि मी दोघं मिळून कापल्याशिवाय होण्यासारखं नव्हतं. घरी कोण? ते जेवताना म्हणाले, “सानिकाला ऱ्हाऊ दे घरी. चार दिवसाचा तर सवाल हाय.”

मी भाकरी वाढत होते. माझ्या हातातली भाकरी माझ्या हातातच राहिली. मग मी ती वाढली.

सानिका देवणीला एसटीनं जायची. सातवीत पहिल्या दोघी-तिघींत असायची. तिला कोणी विचारलं नाही आणि तिनं तोंड वाकडं केलं नाही. सकाळी उठून आजीचं करायची, झाडायची, पाणी भरायची, धुणं धुवायची, दुपारी आमची भाकरी माधवच्या हाती ओढ्यापर्यंत पाठवायची. शाळेचा ड्रेस तिनं घडी करून गादीखाली ठेवला होता, इस्त्री राहावी म्हणून. सकाळी फाट्यावर एसटीचा भोंगा वाजला की भाकरीवर पाणी फिरवणारा तिचा हात थांबायचा. गाडी निघून गेल्याचा आवाज येईपर्यंत थांबलेला असायचा. मग पुन्हा फिरायला लागायचा. पहिल्या आठवड्यात तिची मैत्रीण संध्याकाळी येऊन आज काय शिकवलं ते सांगून जायची. पुढं तीही यायची थांबली.

आत्याबाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायच्या, “माझी नात लई गुणाची हाय. तोंडातून हूं का चूं न्हाई.” बाया म्हणायच्या, “नशीब लागतंय बाई अशी पोर मिळायला.” मी ते ऐकायचे. ते शब्द कुठं घेऊन जातात ते मला ठाऊक होतं. पण मी बोलत नव्हते. मला बोलताच येत नव्हतं. मी या घरात आले तेव्हापासून आत्याबाईंशी बोलले ते ‘हाव’ आणि ‘न्हाई’ आणि ‘चहा ठेवू का’ एवढंच. त्या वाईट नव्हत्या. मलाच मान वर करून बोलायची सवय नव्हती. चार माणसांत मी पदर ओढून मागं सरकते, आजही सरकते.

तूर कापून झाली. मळणी झाली. मग हरभरा होता. चार दिवस सरत नव्हते.

सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन झालं, मग बक्षिसं. मी आणि कौसाबाई बायांच्या रांगेत बसलो होतो. सानिका घरी होती, आजीजवळ कोणी तरी हवं होतं. तालुक्याहून पाहुणे आले होते. ते बोलले, “जो मुलगा लहानपणी हातात झाडू घेतो, तो मोठेपणी देश घडवतो.” मग माधवचं नाव घेतलं. शाळा स्वच्छ ठेवण्यात सगळ्यांत पुढं म्हणून त्याला प्रशस्तिपत्र. पटांगण टाळ्यांनी भरून गेलं. माधव ताठ चालत गेला, पाहुण्यांच्या पाया पडला. सरांचा चेहरा उजळला होता.

कौसाबाईंनी मला कोपर मारलं. “अगं टाळ्या तरी वाजिव. तुझंच लेकरू हाय.”

मी वाजवल्या. मला आनंद झाला होता, खोटं कशाला लिहू? पण टाळ्या वाजवताना मला सगळ्या पोरी दिसत होत्या. माझ्याबरोबर मागं मागं सरकत सारवणाऱ्या, इथल्या, पहिलीत गेल्यापासून घर झाडणाऱ्या, आणि आत्ता या घटकेला घरी असलेली एक. त्यांच्यासाठी असं कोणी एका जागी जमून टाळ्या वाजवल्याचं मला आठवेना. पोरानं केलं की तो सद्गुण, पोरीनं केलं की ते नुसतं काम. यात सरांची चूक नव्हती. ते त्यांच्या परीनं गाठ सोडवायला बसले होते. पण गाठीचं दुसरं टोक आमच्या घरात होतं, तिथं त्यांचा हात पोचणार नव्हता.

घरी आलो. सानिका बाजेखालचं झाडत होती. माधवनं प्रशस्तिपत्र आजीपुढं धरलं.

“मला काय वाचता येतंय बाबा? सानिका, वाच गं.”

सानिकानं एका हातातला फडा तसाच ठेवून दुसऱ्या हातानं ते घेतलं. तिनं स्पष्ट वाचलं, भाषणात वाचतात तसं. “श्रमप्रतिष्ठा हे मूल्य अंगी बाणवल्याबद्दल.”

“मंजी काय गं?”

“मंजी काम करायची लाज न्हाई धरायची, आज्जी.”

“आन् मग?”

“मग काय? त्याला मिळालंय.” तिनं कागद परत दिला आणि खाली बसून झाडायला लागली. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मी म्हणाले, “माधव, तेवढं चुलीपुढचं झाडून घे.”

तो खरंच चकित झाला. “मी?”

“शाळंत झाडतूस की.”

“ते शाळंतलं हाय मम्मी. घरी ताई हाय की.”

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. सूर्य उगवतो असं कोणी म्हणावं तसं तो म्हणाला. म्हणूनच ते माझ्या आत खोल गेलं. नऊ-दहा वर्षांचं लेकरू, एवढं सगळं शिकून, ते फाटकाबाहेर ठेवून आलं होतं.

आत्याबाई बाजेवरून म्हणाल्या, “आज तरी नको गं माधवची माय. आज त्याचा सत्कार झालाय. सानिका करंल की.”

माधवचे वडील दारात चहा पीत उभे होते. कौसाबाईही मागून आल्या होत्या, प्रशस्तिपत्र बघायला. एवढी माणसं होती. मी खांबाला धरलं आणि बोलले. आवाज इतका बारीक निघाला की मला वाटलं कोणाला ऐकूच गेला नसेल.

“आत्याबाई, मला बी चार दिवसांसाठीच घरी ठिवलं होतं. ते चार दिवस अजून सरले न्हाईत.”

सानिकाचा फडा थांबला. बाहेर शेळी ओरडत होती. माधवच्या वडिलांनी चहाचा ग्लास उंबऱ्यावर ठेवला. त्यात अजून चहा होता. आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांनी मला पहिल्यांदाच बघितलं असं वाटलं. मला तिथं उभं राहवेना. मी तशीच शेतात गेले, आणि दिवस मावळेपर्यंत मान वर न करता हरभरा उपटत राहिले. हात सोलवटले. संध्याकाळी घरी आले तर सगळे नेहमीसारखेच वागत होते, नेहमीपेक्षा जरा हळू बोलत होते एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी कोंबड्याच्या आधी उठले. आत्याबाईंचं सगळं आवरलं, अंग पुसलं, लुगडं बदललं. भाकरी केल्या. मग सानिकाला म्हणाले, “ड्रेस घाल.” ती आजीकडं बघायला लागली. आत्याबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. मला वाटलं, संपलं.

भिंतीकडं तोंड ठेवूनच त्या म्हणाल्या, “जाऊ दे तिला. बस चुकंल.” मग जरा थांबून, “माधव, हिकडं ये. तांब्या भरून ठिव उशाला. आन् तो फडा घे.”

माधव माझ्याकडं बघायला लागला. मी दुसरीकडं बघितलं.

“मदून कामून सुरू केलास? भिताडापासून धर. समदी धूळ माझ्या तोंडावर घालतूस. फडा खाली दाबून, असा. तुझ्या त्या ज्यपानच्या मास्तरनं हे न्हाई शिकविलं का?”

सानिका दप्तर पाठीला लावून निघाली. अंगणात तिचा पाय जरा घुटमळला, मग ती पळाली. फाट्यावर भोंगा वाजला. मी भाकरी बांधता बांधता थांबले आणि गाडी निघून गेल्याचा आवाज येईपर्यंत तशीच उभी राहिले.

तेवढ्यानं सगळं सरळ झालं असं नाही. सानिकाचं जे बुडालं ते बुडालंच. गणितातला मधला एक भाग तिला पुढं कधी नीट जमला नाही. वर्गात हात वर करणारी पोर होती, ती त्या सालानंतर विचारल्याशिवाय बोलेनाशी झाली. कधी कधी तिच्यात मला मीच दिसते, आणि ते मला आवडत नाही.

माधव मधल्या सुट्टीत पळत घरी यायचा, आजीला पाणी द्यायचा, डबा उघडून पुढं ठेवायचा. पोरं त्याला चिडवायची. एक दिवस तो खिसा फाडून घेऊन आला.

“काय झालं रे?” आत्याबाईंनी विचारलं.

“ते मला आज्जीची नर्स म्हणतेत.”

“कुनाचं हाय ते? नाव सांग. त्याच्या आजाला मी उघडानागडा खेळताना बघितलंय.”

त्या हसल्या, तोही हसला. पडल्यापासून आत्याबाई तेव्हा पहिल्यांदा हसल्या. आता त्या वॉकर धरून अंगणात फिरतात. खुबा वाकडाच जुळला. आल्यागेल्याला सांगतात, “माझ्या नातवानं केलं माझं,” आणि आवाजात असं काही असतं की जणू हे जगात प्रथमच घडलं. सानिकानंही केलं, हे त्या सांगत नाहीत. मीही दुरुस्त करत नाही. म्हातारं माणूस आहे. त्यांच्या मोजण्यात ती जागाच नाही.

मुदखेडच्या सरांची बदली झाली. नवीन सर चांगले आहेत. झाडायच्या बाऱ्या अजून आहेत. भोंग्यावर सुविचार अजून येतात. मी तुरीत उभी राहून ऐकते आणि मनात म्हणते, लेकरा, हे घेऊन घरी ये. वाटेत सांडू नको. घरी आल्यावर मात्र ते कोणी तरी हातात धरायला पाहिजे, हेही मला आता कळतं. शाळा अर्ध्या वाटेपर्यंत आणून सोडते. पुढची वाट तिची नाही.

सानिका आता अकरावीला लातूरला असते. येळवशीला आली होती, तेव्हा रात्री उशिरापर्यंत बोलेल असं वाटलं, पण झोपून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होते. तिनं तोंड धुतलं आणि चहा घ्यायच्या आधीच कोपऱ्यातला फडा उचलला. कोणी सांगितलं नव्हतं. माधव आता आठवीत आहे. त्याला झाडायला येतं, चांगलं येतं, आणि सांगितलं की तो झाडतोही. सांगितलं नाही तर मात्र त्याला घरात धूळ दिसत नाही. हे एवढं अंतर अजून राहिलं आहे. त्या लांबच्या देशांतल्या आयांनाही असंच रोज सांगावं लागत असेल का? की तिकडं एकदा सांगून पुरतं?

मी हाक मारली. “माधव.”

“आलो,” तो म्हणाला आणि मोबाईल बघत राहिला.

सानिका म्हणाली, “ऱ्हाऊ दे मम्मी. एवढं तर हाय. मी करते.”

माझा आवाज आमच्या अंगणाबाहेर कधी गेला नव्हता. त्या सकाळी मी दारात उभी राहिले आणि पुन्हा हाक मारली, अशी की पलीकडून कौसाबाईंनी भिंतीवरून डोकावून बघितलं. मला लाज वाटली. कान तापले. तरी मी दारातून हलले नाही.

माधव उठून आला. त्यानं ताईपुढं हात केला. तिनं फडा पुढं धरला, पण लगेच सोडला नाही. दोघांचे हात त्याच्यावर होते. तिला तो द्यायचा होता, मला दिसत होतं. तिची मूठ सुटायलाच वेळ लागत होता.